हँडब्रेक: पन्नासच्या मुलखात साठचे पडदे

खान्देशातल्या लग्नाचा व्हिडिओ एका ठिकाणी थांबत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास शूटिंग होतं, जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या गाळ्यात मिक्सिंग म्हणजे एडिटिंग होतं आणि मग तीच फाइल लॉन्सवरच्या एलईडी वॉलवर, घरच्या टीव्हीत पेन ड्राइव्हमधून, गावच्या केबलवर, यूट्यूबवर आणि सुरतेच्या पाहुण्यांच्या मोबाइलवर फिरते. कॅमेरा बहुतेक वेळा सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर, म्हणजे तेवढ्या चित्रांवर, लावलेला असतो. पडदे मात्र जवळजवळ सगळे ६० हर्ट्झचे. वरात समोरून आडवी जाताना नवरदेवाचा घोडा अडखळत चालल्यासारखा दिसतो, ही तक्रार इथून सुरू होते. मग कुणीतरी सांगतं, ‘हँडब्रेकमध्ये टाका आणि ३० करून द्या.’ हा सल्ला चुकीचा आहे. का, ते पुढे येईलच. हँडब्रेक, म्हणजे व्हिडिओ फाइलचं रूप आणि आकार बदलून देणारं सॉफ्टवेअर, मात्र चांगलं आहे.

आधी जुजबी गोष्टी. हँडब्रेक फुकट आणि मुक्त सोर्स आहे. २००३ मध्ये बीओएस नावाच्या, आता कुणाला आठवतही नसलेल्या प्रणालीसाठी ते सुरू झालं आणि १.० ही आवृत्ती यायला डिसेंबर २०१६ उजाडला. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. उतरवायचं ते फक्त हँडब्रेक डॉट एफआर या मूळ साइटवरून. मे २०१७ मध्ये त्यांच्याच एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकसाठीची बाधित फाइल काही दिवस पडून होती, तेव्हा मित्राच्या पेन ड्राइव्हमधला सेटअप तर नकोच. विंडोजवर इन्स्टॉल झालं पण उघडत नाही, असं झालं तर मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम टाकायचं राहिलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. फ्रेम रेट बदलायला सांगितला की हँडब्रेक दोनच कामं करतं: जास्त असलेल्या फ्रेम गाळतं आणि कमी पडणाऱ्या फ्रेम पुन्हा दाखवतं. दोन फ्रेमच्या मधली नवी फ्रेम ते तयार करत नाही. आवाजाचा वेगही बदलत नाही, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळलेले राहतात. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण त्याचा अर्थ असा की चुकीचा आकडा निवडला तर गचके कायमचे फाइलमध्ये भाजले जातात आणि नंतर कुठलाही टीव्ही ते काढू शकत नाही.

२५ चं ३० केल्यावर काय होतं, ते हिशेबानेच पाहू. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने रंगवतो. २५ फ्रेमची फाइल त्यावर तशीच चालवली तर पाच फ्रेमना बारा ठोके मिळतात, म्हणजे वाटणी २, ३, २, ३, २ अशी पडते. एक फ्रेम ३३ मिलिसेकंद दिसते, पुढची ५०. हा झाला मूळचा गचका. आता तीच फाइल हँडब्रेकमधून ३० करून आणली, तर दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दुप्पट होते आणि पडद्यावरची वाटणी २, २, २, २, ४ होते. चार फ्रेम ३३ मिलिसेकंद आणि पाचवी एकदम ६७. म्हणजे सेकंदाला पाच वेळा घोडा जागच्या जागी थबकतो. मूळ फाइल यापेक्षा बरी होती. २५ ची फाइल २५ च ठेवावी, हा या सॉफ्टवेअरच्या वापरातला पहिला नियम.

५० फ्रेमच्या फाइलचं उलट आहे. ५० चं २५ करताना एक सोडून एक फ्रेम गळते, सगळीकडे सारखी. काही बिघडत नाही. ५० चं ३० केलं तर पाचांतल्या दोन गळतात. मग कधी एका फ्रेमची उडी, कधी दोनची, आणि पॅन शॉट, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवून घेतलेला, दात घासल्यासारखा दिसतो. ६० चं ३० चालतं. ६० चं २५ किंवा २४ चालत नाही, कारण भागाकार २.४ आणि २.५ येतो. भागाकार पूर्णांकात येत नसेल तर तो पर्याय हँडब्रेकमध्ये निवडायचाच नाही.

इथेच या सॉफ्टवेअरचा सर्वात मोठा दोष येतो. उघडल्याबरोबर जे प्रीसेट, म्हणजे सेटिंग्जचा तयार संच, निवडलेलं असतं ते ‘फास्ट १०८०पी३०’. त्यातला फ्रेमरेट ३० वर आणि खालचा पर्याय ‘पीक फ्रेमरेट’वर असतो, म्हणजे ३० च्या वर काही जाऊ द्यायचं नाही. २५ ची फाइल यातून सुखरूप बाहेर पडते. पण ५० फ्रेमवर घेतलेला हळदीचा नाच यात टाकला आणि थेट ‘स्टार्ट एन्कोड’ दाबलं की वर सांगितलेली ५० ते ३० ची कत्तल आपोआप होते आणि कुठेही सूचना येत नाही. प्रीसेटच्या नावात ३० लिहिलंय, हीच काय ती सूचना. इतक्या जुन्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला हे शोभत नाही. फाइल ५० ची आणि ठरलेलं प्रीसेट ३० चं असेल तर एक पिवळी पट्टी दाखवणं अवघड नव्हतं.

त्यावरचा उपाय एकदाच करून ठेवायचा. व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’ करा, त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग, एच.२६४ (एक्स२६४) ठेवा, ‘कॉन्स्टंट क्वालिटी’चा आरएफ २० ते २२ मध्ये ठेवा आणि ‘सेव्ह न्यू प्रीसेट’ने नाव देऊन जतन करा. आरएफचा आकडा जितका कमी तितका दर्जा जास्त आणि फाइल मोठी. फुल एचडीसाठी हँडब्रेकवाले स्वतः २० ते २४ सुचवतात. मांडवातल्या झगमगाटात, जरीच्या साड्यांवर आणि उडणाऱ्या अक्षतांवर २४ ला चौकोन दिसू लागतात, म्हणून वरच्या टोकाला जाऊ नये. पुढच्या वेळी उघडताना हेच प्रीसेट आधी यावं म्हणून त्यावर राइट क्लिक करून ते डिफॉल्ट करून टाका.

अजून एक जागा. वरचं प्रीसेट ‘फास्ट १०८०पी३०’ वरून बनवलं असेल तर ‘लेव्हल’, म्हणजे फाइल चालवायला प्लेअर किती ताकदीचा लागेल ते सांगणारा आकडा, ४.० वर राहिलेली असते. एच.२६४ मध्ये लेव्हल ४.० आणि ४.१ फुल एचडीला ३० फ्रेमपर्यंतच पुरतात; ५० किंवा ६० साठी ४.२ लागते. फाइलवर ४.० चा शिक्का आणि आत ५० फ्रेम असा प्रकार काही टीव्हींना पचत नाही. ५०-६० च्या फाइलला लेव्हल ४.२ किंवा ‘ऑटो’ करा. उलट बाजूने, जुन्या टीव्हीचा यूएसबी प्लेअर ४.१ च्या पुढे जातच नसेल, तर त्या घराला ५० ची फाइल देऊन उपयोग नाही. आवाज पुढे जातो आणि चित्र मागे रांगतं. त्यांना २५ ची वेगळी काढून द्यावी.

आता एकेक पडदा घेऊ, कारण हँडब्रेकमध्ये काय निवडायचं ते यावर ठरतं.

एलईडी वॉलबद्दल गैरसमज सर्वात जास्त. वॉलवाला सांगतो, ‘आपली ३८४० हर्ट्झची आहे, काहीही चालेल.’ ३८४० किंवा १९२० हा आकडा दिव्यांच्या लुकलुकण्याचा आहे. तो जितका जास्त तितक्या वॉलचं शूटिंग करताना कॅमेऱ्यात काळ्या पट्ट्या कमी येतात. व्हिडिओच्या सफाईशी त्याचा संबंध नाही. वॉलला चित्र मिळतं लॅपटॉपकडून, व्हिडिओ प्रोसेसरमार्फत, आणि लॅपटॉपची एचडीएमआय बहुतेक वेळा ६० हर्ट्झवर असते. २५ किंवा ५० चं काम वॉलवर चालवायचं असेल तर फाइल बदलू नका, लॅपटॉप बदला: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन वॉलचा पडदा निवडा आणि रिफ्रेश रेट ५० करा. पडदे ‘एक्स्टेंड’वर ठेवा. ‘डुप्लिकेट’वर ठेवले की लॅपटॉपची स्क्रीन आणि वॉल एकाच रेटला बांधले जाऊ शकतात आणि ५० यादीत दिसतच नाही. बहुतेक प्रोसेसर १०८०पी ५० घेतात. पण घेतल्यावर आतून वॉलकडे ५० ने पाठवतात की ६० ने, हे प्रोसेसरच्या आउटपुट सेटिंगमध्ये बघावं लागतं. तिथे ६० अडकलं असेल तर वरचा सगळा खटाटोप वाया. हे तपासायची वेळ दुपारची, मांडव रिकामा असताना.

घरचा टीव्ही पेन ड्राइव्हवरून चालवतो तेव्हा बरेच सेट २५ आणि ५० च्या फाइलसाठी स्वतःहून ५० हर्ट्झवर उतरतात, कारण भारतातलं प्रसारणच ५० चं आहे. म्हणून टीव्हीसाठी २५ किंवा ५० हेच बरोबर. तोच टीव्ही लॅपटॉपला जोडला की ६० वर जातो आणि गचके सुरू होतात, आणि दोष मिक्सिंगवाल्याला मिळतो. टीव्हीतली चित्र गुळगुळीत करणारी सोय, कंपनीगणिक नाव वेगळं, मधल्या फ्रेम अंदाजाने बनवते. मंडपाच्या झालरीसमोरून माणूस चालला की त्याच्या कडेला पाण्यासारखी थरथर दिसते ती त्यामुळे. ती बंद किंवा अगदी कमी ठेवावी. केबलवाल्याला २५ च द्यायचं, तिथे दुसरा विचार नको: प्रसारण ५० फील्डचं (एक ओळ सोडून एक ओळ घेतलेल्या अर्ध्या चित्रांचं) असतं आणि २५ ची प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये बरोबर बसते.

मोबाइलवर मात्र गणित फिरतं. पडदे ६०, ९० आणि १२० चे. ३० ची फाइल तिघांतही पूर्णांकात बसते: दोन, तीन, चार ठोके. २५ एकातही बसत नाही. १२० वर ४.८ येतो, पण तिथे फरक एका बारीक ठोक्याचाच, म्हणून डोळ्याला फारसा खुपत नाही. ६० ची फाइल ६० आणि १२० वर छान, ९० वर मात्र दीडचा घोळ. बरेच फोन व्हिडिओ लागला की स्वतःच ६० वर उतरतात, म्हणून निभावतं. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ मोबाइलवरच पाहिले जातात. ती गाणी मुळातच ३० वर शूट करावीत, नाचाची असतील तर ६० वर, आणि हँडब्रेकमध्ये ‘सेम ॲज सोर्स’. यूट्यूबही ज्या रेटला शूट केलं त्याच रेटला अपलोड करा असंच सांगतं, आणि ४८ ते ६० फ्रेमचा व्हिडिओ पूर्ण वेगाने दिसायला ७२०पी किंवा वरचा दर्जा लागतो. ४८०पी वर बघणाऱ्याला अर्धाच वेग मिळणार.

जाता जाता: ऑफिसात मिळणारे स्वस्त ७५ हर्ट्झचे मॉनिटर २५ फ्रेमला बरोबर तीन ठोके देतात. मिक्सिंगच्या टेबलावर असा मॉनिटर असेल तर २५ चं काम तिथे लोण्यासारखं दिसतं आणि गिऱ्हाइकाच्या ६० वर जाऊन अडखळतं. ‘आमच्याकडे तर नीट चालतं’ हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं.

३० वर शूट करायचं म्हटलं की शूटिंगवाले दिव्यांच्या फडफडीला घाबरतात, आणि ती भीती रास्त आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. ३० फ्रेमला सवयीने शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याची वेळ, १/६० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे ठोके अपुरे पडतात आणि चित्र फडफडतं. शटर १/५० किंवा १/१०० करा. एका फ्रेममध्ये पूर्ण दोन किंवा पूर्ण एक ठोका मावतो आणि फडफड जाते. ६० फ्रेमला १/५० शक्य नाही, तिथे १/१००. खेड्यातल्या लग्नात जनरेटरवर लोड वाढला की त्याचा वेग ढळतो आणि ५० चे ४९ होतात. मग थोडी फडफड राहतेच. डीजेच्या ट्रॉलीवरचे रंगीत एलईडी आणि पार लाइट स्वतःच्या तालावर लुकलुकतात, त्यांच्यासाठी शटर थोडं पुढेमागे करून स्क्रीनवर बघणं एवढाच मार्ग. हँडब्रेककडे यातल्या कशावरही औषध नाही.

मोबाइलवरून आलेल्या क्लिपसाठी मात्र हँडब्रेकसारखं दुसरं सोयीचं हत्यार नाही. फोन बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतात. उजेड कमी झाला की ३० चे २४ किंवा आणखी कमी, पुन्हा हॅलोजन लागला की ३०. अशी क्लिप एडिटिंगमध्ये टाकली की मंगलाष्टकं शेवटी येईपर्यंत आवाज आणि चित्र वेगळे झालेले असतात. मीडियाइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. ‘फ्रेम रेट मोड’ समोर ‘व्हेरिएबल’ असेल तर ती आधी हँडब्रेकमधून काढा: फ्रेमरेट ३०, ‘कॉन्स्टंट’, आरएफ १८. इथे ‘सेम ॲज सोर्स’ नको, आकडा स्वतः द्यायचा. मीडियाइन्फो २९.९७ दाखवत असेल तर २९.९७ च निवडा. ३० निवडलं तर साधारण ३३ सेकंदांनी एक फ्रेम दुप्पट होते. आभाळ कोसळत नाही, पण कारण नसताना का करा? आयफोनवर कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘पाल फॉरमॅट’ चालू केलं की २५ चा पर्याय मिळतो. घरच्या मुलांना आधीच सांगून ठेवलं तर एडिटिंगमधल्या २५ च्या टाइमलाइनसाठी निम्मं काम वाचतं.

जुन्या कॅसेटवरून उतरवलेली लग्नं हा या सॉफ्टवेअरचा सर्वात गोड भाग. १९९० आणि २००० च्या दशकांतली ही चित्रं ७२० बाय ५७६ ची, ५० फील्डची. हलताना कडांना कंगव्याचे दात दिसतात. हँडब्रेकचं नेहमीचं ‘डीकॉम्ब’ दात काढतं आणि २५ फ्रेम देतं. निम्मी हालचाल तिथेच हरवते. त्याऐवजी फिल्टर्स टॅबमध्ये ‘इंटरलेस डिटेक्शन’ बंद करा, ‘डीइंटरलेस’मध्ये ‘याडिफ’ घ्या, त्याचा प्रीसेट ‘बॉब’ करा आणि व्हिडिओ टॅबमध्ये ५० कॉन्स्टंट द्या. प्रत्येक फील्डची एक फ्रेम होते आणि कॅसेट टीव्हीवर जशी वाहती दिसायची तशी पुन्हा दिसते. या आकाराला आरएफ १८ ते २० ठेवा. चित्र पुढे-मागे थरथरत असेल, दोन पावलं पुढे एक मागे, तर फील्डचा क्रम उलटा पकडला गेला आहे. डीव्ही कॅसेटमध्ये खालचं फील्ड आधी असतं, एचडीत वरचं. कॅप्चर करताना हे चुकलं तर तिथेच जाऊन दुरुस्त करायचं.

वेगाबद्दल थोडं. एक्स२६४ लॅपटॉपचे सगळे कोअर कामाला लावतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ ला टेकलेला असताना पातळ लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि उरलेली वेळ दाखवणारा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागतो. खालून हवा द्या, ‘ॲड टू क्यू’ने सगळ्या फाइल लावा आणि रात्री चालवा. ग्राफिक कार्डाचा एन्कोडर, एनव्हेंक किंवा क्यूएसव्ही, बराच वेगवान आहे, पण तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये एक्स२६४ चं चित्र स्वच्छ येतं. वॉलवरच्या पाच मिनिटांच्या क्लिपला कार्ड चालेल, घरी जपायच्या फाइलला नको.

क्लिप जोडणं, गाणं बदलणं, शीर्षक टाकणं इथे होत नाही. २५ चं २४ करून चार टक्के हळू चालवणं, म्हणजे तासाचं साडेबासष्ट मिनिटं, हेही नाही. खऱ्या मधल्या फ्रेम बनवून २५ चं ५० हवं असेल तर डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं ‘ऑप्टिकल फ्लो’ फुकट आवृत्तीत मिळतं. पण सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्याच्या पायांसारखी वेगवान हालचाल असेल तर त्यातही पाय वितळतात. तसा शॉट मुळातच ५० वर घ्यावा. मग २५ च्या टाइमलाइनवर तो अर्ध्या वेगाने चालवला की खरा संथ शॉट मिळतो, कुणाच्या अंदाजाचा नाही.

फाइल बाहेर देण्याआधी एक तपासणी करा. व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा, आडवा सरकणारा शॉट शोधा, थांबवा आणि कीबोर्डवरचं ई हे बटण एकेकदा दाबत जा. प्रत्येक दाबाला चित्र थोडं सरकलं पाहिजे. दर सहाव्या दाबाला ते जागीच राहत असेल तर कुणीतरी २५ चं ३० केलेलं आहे. कधी लहान, कधी मोठी उडी असेल तर ५० चं ३०. दोन्हीही बाबतीत ही फाइल दुरुस्त करत बसू नका, मूळ टाइमलाइनवरून पुन्हा काढा. सगळे दाब सारखे आणि तरी पडद्यावर गचका, तर दोष पडद्याच्या रेटमध्ये.

आणि पेन ड्राइव्ह. जुने टीव्ही फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले ड्राइव्हच वाचतात आणि त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. पूर्ण लग्नाची ५० फ्रेमची फाइल सहज त्याच्या पुढे जाते. हँडब्रेकच्या वरच्या पट्टीत ‘रेंज’ आहे, तिथे ‘सेकंद’ निवडून हळद, लग्न आणि वरात अशा वेगळ्या फाइल काढता येतात. तुकडा विधीच्या सांध्यावर पाडा, नाहीतर सप्तपदी चौथ्या पावलावर तुटायची.